पांढरीवरचा खेळ

आदिलाबादहून परत येऊन महिना होत आला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, कसा झाला प्रवास? मी अंबाडीच्या भाजीबद्दल सांगितलं, पैनगंगेच्या पुलाबद्दल सांगितलं, बसमध्ये मांडीवर संगणक घेऊन बसले होते त्याची गंमत सांगितली. सगळे हसले. सावरीबद्दल मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या नागपूरचं कुणी मुद्दाम आदिलाबादला जात नाही. हैदराबादच्या वाटेवर लागणारं गाव, एवढीच त्याची ओळख. म्हणून जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहायला बसले, तर सावरी गाळून लिहिताच येईना.

आधी खेळाबद्दल सांगायला हवं. मी प्राचीन इतिहास शिकवते. उत्खनन कसं करतात, हे फळ्यावर खडूने काढून दाखवण्याचा मला कंटाळा आला होता आणि मुलींना तर त्याहून जास्त. शिरीष नावाचा माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचे वर्ग चालवतो. त्याच्याकडे मुलं फी भरून शिकायला येतात आणि त्याची पाठ वळली की फ्लॉपीवरचे खेळ खेळतात. एका मुलाला मी तासभर न हलता असा खेळताना पाहिलं. माझ्या तासाला असं कुणी कधी बसलं नव्हतं. मी शिरीषला म्हटलं, "यात आपला इतिहास घाल ना."

त्याने घातला. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागी जे पांढरट मातीचे उंचवटे असतात, ज्यांना खेड्यातले लोक पांढर म्हणतात, तसं एक टेकाड पडद्यावर दिसायचं. त्याचे चौकोन पाडलेले. बटण दाबलं की मातीचा एक थर जायचा. खापर सापडलं तर थोडे गुण, मणी सापडला तर जास्त, नाण्याला त्याहून जास्त आणि सांगाड्याला सगळ्यांत जास्त. सांगाडा निघाला की संगणकातून छोटंसं संगीत वाजायचं. सापडलेल्या वस्तूची नोंद करण्यासाठीही एक बटण होतं, पण त्याला गुण नव्हते आणि वरचं घड्याळ तर पळतच असायचं. मुलं ते बटण दाबत नसत. मला ते दिसत होतं. पण मुलं इतक्या हौसेने बसतात, आणखी काय हवं, असं म्हणून मी पुढे गेले.

माझा मावसभाऊ दत्तूदादा आदिलाबादला बँकेत आहे. एका लग्नासाठी नागपूरला आला असताना त्याने हा खेळ पाहिला आणि म्हणाला, "वृंदा, हे आमच्याकडं आण. आमच्या पोरांनी संगणक फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलाय."

नागपूर ते आदिलाबाद

संक्रांतीच्या आठवड्यात निघाले. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर, मुख्य डबा पायाशी आणि कीबोर्ड पिशवीत. कंडक्टरने मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहून विचारलं, "बाई, टीव्ही आहे का? त्याचं वेगळं तिकीट लागेल."

"टीव्ही नाही, संगणक आहे."

"मग तर लागेलच," तो म्हणाला आणि त्याने तिकीट फाडलं.

पांढरकवड्याला उतरून आंध्रची बस धरली. तिथला कंडक्टर त्या मानाने दिलदार निघाला. "अम्मा, इधर बैठो, पीछे उछलता बहुत," असं म्हणत त्याने मला ड्रायव्हरच्या मागची जागा दिली, ती एका म्हाताऱ्या माणसाला उठवून. म्हाताऱ्याने माझ्या मांडीवर बाळच आहे अशा समजुतीने गोधडीचा कोपरा नीट केला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला उभं राहावं लागलं ते कशासाठी, हेही सांगावं लागलं असतं.

दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बायकांच्या पाठीला बांधलेल्या ओट्या लांबून पांढऱ्या गाठोड्यांसारख्या दिसत होत्या. पैनगंगेला हिवाळ्याचं उथळ पाणी होतं आणि वाळूत कुणीतरी टरबुजांची वाडी धरली होती. पूल ओलांडला की माती तीच, कापसाची पऱ्हाटी तीच, पण पाट्यांवरची अक्षरं एकदम गोल होतात. मी ब्राह्मी लिपी वाचते, लोकांना शिकवते. आणि आदिलाबादच्या स्टँडवर कुठली बस कुठे जाते ते मला शेंगदाणे विकणाऱ्या बाईला विचारावं लागलं.

आदिलाबाद

दत्तूदादाचे आजोबा निजामाच्या काळात कारकून म्हणून इकडे आले आणि घर इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण दादाच्या बोलण्यात 'दरखास्त' आणि 'मुलाहिजा' सहज येऊन जातात, आणि उषावहिनी भाजीवालीशी तेलुगूत भांडून आत आल्या की पहिली दोन वाक्यं आमच्याशीही तेलुगूतच बोलतात.

अंबाडीची भाजी आम्ही कण्या आणि डाळ घालून शिजवतो. वहिनींनी ती लाल मिरच्या आणि लसणावर तेलात अशी परतली की पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाजारात गोंगुरा म्हणायचं बरं का, अंबाडी म्हटलं तर कोणी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. संक्रांतीला तिळगूळ होताच, शिवाय शेजारणीकडून शिकलेले सकिनालूही होते. तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून, ओल्या कपड्यावर बोटांनी एकात एक वेटोळी घालायची आणि तळायची. मी करून पाहिले. माझ्या वेटोळ्यांना वहिनींनी वेगळ्या डब्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत खेळ दाखवला. झेंडूचा हार घातला गेला. मुख्याध्यापकांनी तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत माझं कौतुक केलं आणि तिन्हींत माझं नाव वेगवेगळं घेतलं. पडद्यावरच्या सूचना मराठीत होत्या, पण तेलुगू मुलांचं काही अडलं नाही. खणायचं असतं, हे सगळ्यांना कळलं. सांगाड्याचं संगीत वाजलं की खिडकीबाहेर उभी असलेली मुलंही ओरडत. मी हार गळ्यात ठेवूनच घरी आले.

इचोडा

बोथच्या शाळेतही कार्यक्रम ठरला होता. दादाने ओळखीतून एक जीप मिळवली. बोथला पोचलो तर वीज नाही. तिथल्या गुरुजींनी फोन केले, कुणाला तरी सायकलवर पिटाळलं, आम्हाला दोनदा चहा पाजला. वीज आली नाही. मुलांनी बंद पडद्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या आणि आम्ही निघालो.

परतताना इचोड्याला धाब्यावर जेवायला थांबलो. महामार्गाच्या कडेला ट्रकांची रांग, खाटांवर आडवे पडलेले ड्रायव्हर, एका कढईत मिरचीची भजी. धाब्याच्या मालकाकडे जनरेटर होता. जीपमधलं सामान पाहून तो म्हणाला, "चालू करके दिखाओ ना मॅडम." खाटेवर संगणक मांडला. मी समजावून सांगितलं, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "सोना निकलता है क्या?"

"सिक्के निकलते हैं," मी म्हटलं.

खाटांवरचे सगळे उठून आले. एका ड्रायव्हरने जाड बोटांनी दोन बटणं एकदम दाबत सगळं टेकाड सपाट केलं आणि वर हात केले. मग जनरेटरने एकदम झटका दिला, फट् असा आवाज झाला आणि पडदा गेला. रस्त्यापलीकडे रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याने डबा उघडला, जळलेला फ्यूज काढला, तिथे एक बारीक तार बसवली आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्याऐवजी त्याने एक डाव खेळायला मागितला. मी इतकी खूश होते की त्याला दोन दिले.

सावरी

तामसी गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला सावरी हे छोटं गाव आहे. दत्तूदादाचा वर्गमित्र केशव गुरुजी तिथल्या मराठी शाळेवर आहेत. शाळेत वीज नव्हती. गुरुजींनी पंचायतीच्या खोलीतून वायर ओढून घेतली होती. गावात मराठीच बोलतात, पण पोरं गुरुजींना 'सार' म्हणतात.

दुपारपासून खेळ सुरू झाला. सापडलेली वस्तू हलवायच्या आधी नोंद करायची, हे मी नेहमीप्रमाणे सुरुवातीला सांगितलं. गुरुजींनी मुलांना रांगेत बसवलं होतं, पण ती रांग पडद्याजवळ येईपर्यंत टिकायची नाही. चंद्रकला नावाची एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, निळ्या झग्यातली. तिला पहिल्यांदा काही जमलं नाही. मग ती मागे जाऊन उभी राहिली आणि इतरांचं बघत राहिली. दुसऱ्यांदा तिची पाळी आली तेव्हा तिने सगळ्यांना मागे टाकलं. तिला कळलं होतं की वरचे चौकोन सोडून कडेचे खोल खणायचे, सांगाडा तिथे असतो.

ती मला म्हणाली, "बाई, आमच्या गावातबी पांढर हाय. त्या तिकडं, आंब्याच्या मांगं."

मला फार आनंद झाला. आम्ही शिक्षक ज्याची वाट पाहतो तो क्षण हाच असतो. मी म्हटलं, "अगं, मग तिथंही असंच सगळं असेल! हजारो वर्षांपूर्वी तिथं माणसं राहत असतील."

"सांगाडाबी असंल?"

"असेल की. त्या काळी लहान बाळ गेलं तर त्याला मडक्यात ठेवून पुरायचे. घराजवळच."

"म्हंजे लय खोल नाई?"

"नाही, फार खोल नाही," मी म्हटलं.

हे मी तिला सांगितलं. हसत सांगितलं.

मुक्काम गुरुजींकडेच होता. शांताबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. भाकरी आमच्याकडच्यापेक्षा मोठी आणि पातळ. मी दोन खाल्ल्या आणि शांताबाई म्हणाल्या, "तुमच्या नागपुरात काई जेवतच नाईत काय?" छान झोप लागली.

सकाळी अंगणात चहा घेत होतो. दत्तूदादा जीप पुसत होता. तेवढ्यात पोरं धावत आली, हातपाय पांढरट मातीने माखलेले. पुढे चंद्रकला. तिने झग्याचा ओचा धरला होता.

"बाई! सापडला! सांगाडा सापडला!" ती ओरडली. "आमी त्याले हात नाई लावला, तिथंच ठेवला. तुमी नोंद करा म्हनल्या ना, म्हणून. हे मणी तेवढे आणले."

तिने माझ्या हातावर काळ्या मण्यांची एक इवलीशी मनगटी ठेवली.

क्षणभर मला आनंद झाला. मला तो लपवता येईल, पण लपवणार नाही. मी तिथे, चहाचा कप खाली ठेवून, मनात कालखंड ठरवायला लागले होते. मग मणी बोटांवर फिरवताना दोरा दिसला. तो नायलॉनचा होता. गाठ पक्की होती आणि गाठीशी सोन्याच्या रंगाचा एक प्लास्टिकचा मणी होता, बाजारात मिळतो तसा.

शांताबाई भांडी घासत होत्या. त्या उठून आल्या, माझ्या हाताकडे पाहिलं आणि राखेने भरलेला हात तोंडावर नेला. "अवं माय," त्या म्हणाल्या, "हे तर पार्वतीच्या लेकराचं."

पोरांचा गलका थांबला. चंद्रकलेने माझ्याकडे पाहिलं, मग मनगटीकडे. मग तिने ओचा सोडून दिला आणि उरलेली माती तिच्या पायांवर पडली.

गुरुजींनी मला सगळं सांगितलं, ते असं. पार्वती आणि नारायण यांचं घर चंद्रकलेच्या घराला लागून आहे. त्यांचा मुलगा मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. दात यायला लागले होते. इतकं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि सावरीत ते पांढरीच्या उतारावर पुरतात. बाप एकटाच जातो. आईला नेत नाहीत, पोरांना तर सांगतही नाहीत. म्हणून चंद्रकलेला ते ठाऊक नव्हतं. ते बाळ मात्र तिला ठाऊक होतं. पार्वती कापूस वेचायला गेली की ते हिच्याच कडेवर असायचं.

दत्तूदादाने फडकं टाकलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वृंदा, सामान राहू दे, मी मागवून घेतो. तू गाडीत बस. माणसं वावरातून यायच्या आत निघू."

"असं कसं निघायचं?"

"अगं, गावखेड्याचा मामला आहे. कोण काय बोलेल, काही सांगता येत नाही. गुरुजी सांभाळतील."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खांबाला धरून उभे होते. ते याच गावात राहणार होते, रोज याच पोरांच्या आईबापांसमोरून शाळेत जाणार होते. शाळा त्यांनी उघडून दिली होती, वायर त्यांनी ओढली होती. मी निघाले असते तर सगळं त्यांच्या गळ्यात पडलं असतं.

"तू जा हवं तर," मी दादाला म्हटलं. "मी थांबते." तो गेला नाही. जीपमध्ये जाऊन, दार उघडं ठेवून बसून राहिला.

पार्वतीला शेतातून बोलवायला शांताबाई गेल्या. मी गुरुजींबरोबर पांढरीवर गेले. नारायण आमच्या आधी पोचला होता. उतारावर पोरांनी काठीने रेघा मारून चौकोन पाडले होते. अगदी सरळ, पडद्यावर होते तसे. कडेचा चौकोन खोल खणलेला. आत एका जुन्या लुगड्याचा तुकडा दिसत होता. त्याच्यापुढे मी पाहिलं नाही. मी कितीतरी हाडं हाताळली आहेत, चिठ्ठ्या लावून खोक्यांत ठेवली आहेत. इथे त्या खड्ड्यात पाहता येईना.

पार्वती आली. पाठीची कापसाची ओटी तशीच होती. सोडायचं सुचलं नसावं. बायका तिला धरत होत्या, पण तिला धरायची गरज नव्हती. ती खड्ड्यापाशी उकिडवी बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग नारायणला म्हणाली, "इथं होय? मी तर त्या आंब्याकडं समजत होती."

तिने रोज आंब्याकडे पाहिलं असणार. चुकीच्या जागेकडे.

मी पुढे जाऊन ती मनगटी तिच्या हातात दिली. म्हटलं, "हे माझ्यामुळं झालं. पोरांचा दोष नाही, गुरुजींचाही नाही. मीच त्यांना शिकवलं." वर्गात पाठ म्हणावा तसा माझा आवाज निघाला आणि मला त्या आवाजाचीही लाज वाटली. कुणीतरी मला ओरडेल, हात उगारेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंही वाटलं होतं. कुणी काही केलं नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "बाजूले सरा बाई, तुमची सावली पडून राह्यली." मी सरले.

नारायणने हातांनीच माती लोटली. मनगटी पार्वतीने आत ठेवली. वर धोंडे रचले आणि बाभळीच्या काट्या टाकल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

आम्ही गावात परत आलो. मी शाळेत जाऊन वायर गुंडाळायला लागले. तेव्हा दारात पार्वती उभी होती. ओटी आता सोडली होती.

"मले तो खेळ दाखवा," ती म्हणाली.

"पार्वतीबाई, नको," मी म्हटलं.

"दाखवा ना. पोरांनी काय पायलं, ते मले पाहू द्या."

मी वायर पुन्हा जोडली. पडदा उजळायला वेळ लागला, तोवर ती उभीच होती. मी बाक पुढे केला, ती बसली नाही. हिरव्या रेघांचं टेकाड आलं. मी थर काढत गेले. खापर. मणी. मला सांगाडा टाळता आला असता, तो कुठल्या चौकोनात आहे ते मला माहीत होतं. पण तिने तोच पाहायला मागितला होता. मी बटण दाबलं. सांगाडा आला, वर गुण आले आणि संगीत वाजलं.

ती जरा मागे सरली. "हे वाजलं काऊन?"

"सापडलं म्हणून," मी म्हटलं.

"सापडलं?" तिने विचारलं. ती चिडलेली नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "हारपलं कुठं होतं बाई? आमीच ठेवलं होतं तिथं."

मी इतकी वर्षं हा विषय शिकवते. मी हात मागे नेऊन वीज बंद केली. नागपूरला आल्यावर शिरीषला सांगून ते संगीत काढायला लावलं, सांगाड्याचे गुणही काढले. तो म्हणाला, "मॅडम, मग मुलं खेळणार नाहीत." तेही खरं ठरलं, आता तो खेळ कुणी मागत नाही.

पडदा विझल्यावर पार्वतीने दाराबाहेर पाहून विचारलं, "चंदी कुठं हाय?"

चंद्रकलेला तिच्या बापाने मारलं होतं आणि ती कुठेतरी दडून बसली होती. तिची आई हाका मारून थकली होती. पार्वती त्यांच्या घरात गेली, सरळ कापसाच्या ढिगापाशी, आणि आत हात घालून तिने पोरीला बाहेर काढलं. केसांना, पापण्यांना कापूस चिकटलेला. चंद्रकला रडत नव्हती.

"मले नाई मालूम होतं काकू," ती म्हणाली. "मले नाई मालूम होतं."

"चाल," पार्वती म्हणाली. "तोंड धू."

तिने स्वतः रांजणातलं पाणी घेऊन तिचं तोंड धुतलं, नखांतली पांढरी माती काडीने काढली. मी अंगणाच्या कडेला उभी होते. मला त्या मुलीजवळ जाऊन सांगायचं होतं की तू काही चुकीचं केलं नाहीस, मी सांगितलं तसंच केलंस. पण पार्वतीने तिला पदराखाली घेतलं होतं आणि तिथे माझ्यासाठी जागा नव्हती. ते मी आजपर्यंत तिला सांगितलेलं नाही. पत्र पाठवावं तर त्यात काय लिहायचं, ते ठरत नाही.

शांताबाईंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकरी होती, वरण होतं. दत्तूदादा जीपमधून उतरून आला आणि मान खाली घालून जेवला. माझ्या ताटात शांताबाई वाढत राहिल्या, मी खात राहिले. नको म्हणायचा मला काय अधिकार होता.

निघताना सामान उचलायला गेले, तर नारायण शाळेच्या पायरीवर बसला होता. सकाळपासून तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. तो उठला. मी मॉनिटरला हात घातला, पण त्याने तो माझ्याकडून घेतला, गोधडी चारी बाजूंनी नीट ओढून घेतली आणि छातीशी धरून जीपकडे निघाला. वाटेत खडबडीत उतार होता. तो पाऊल चाचपत, हळूहळू, एकेक दगड बघत उतरला. मी मागून चालत होते. जीपमध्ये मागच्या सीटवर त्याने तो ठेवला, बाजूला कापसाचं पोतं दाबून बसवलं, हलवून पाहिलं.

मग तो माझ्याकडे वळला.

"बाई, पाहून घ्या," तो म्हणाला, "आतलं काई हाललं तर नाई ना?"